तीन कोपऱ्यांचा भात

आक्का,

तुम्हाला वाचता येत नव्हतं म्हणून हे लिहायचा धीर होतो आहे. वाचता येत असतं तर माझी एकेक ओळ नाकातून म्हणून दाखवत तुम्ही घरभर फिरला असतात. माझी शाळा चौथीपर्यंतची. अक्षर बरं आहे, पण लिहायला बसलं की सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. तुमचं तसं नव्हतं. तुम्ही बोलायला कुठूनही सुरुवात करायचात आणि समोरच्याला जिथे झोंबेल तिथे बरोबर येऊन पोचायचात.

तुमचं तेरावं झालं. पाहुणे गेले. घर सारवून झालं. या वेळेला आपण दोघी मागच्या पडवीत चहाभात खायला बसायचो. आज मी एकटीच बसले. चहाभात केला नाही, हे लिहायला घेतलं.

मी फार रडत नाही. रडायला बसले की तुमचं काहीतरी आठवतं आणि हसू येतं. परवा सांत्वनाला आलेल्या बायकांसमोर तसंच झालं. मी पदर तोंडाला लावला, त्यांना वाटलं हुंदका आला. केळव्याच्या मावशींनी पाठीवरून हात फिरवला. "रड गो, रड. मोकळी हो," म्हणाल्या. मला आणखीच हसू यायला लागलं. तुम्ही असतात तर सगळ्यांसमोर म्हणाला असतात, "ही रडत नाय, दात दाखवते. पदर काढून बघा."

मी शिरगावात या घरची धाकटी सून होऊन आले तेव्हा तुम्ही आधीपासून इथेच होतात. ह्यांची सगळ्यात थोरली बहीण. सासर तुम्हाला जेमतेम वर्षभर लाभलं. मग मोकळं कपाळ घेऊन माहेरी आलात आणि हे घर चालवायला घेतलंत. दादा तुमच्या पाठचे. त्यांची बायको पहिल्या बाळंतपणात गेली आणि त्यांनी दुसरी केली नाही. त्यामुळे घरात आपण चौघंच, आणि चौघांत एक रीत. धाकट्या सुनेने थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायचं नाही. काही सांगायचं असलं तर तिसऱ्याच्या तोंडून. ते तिसरं तोंड तुमचं.

मला ते सोयीचंच होतं. माहेरी बेटेगावलासुद्धा मला मुकीच म्हणायचे. मी तुमच्या कानात सांगायची, तुम्ही ओटीवर जाऊन दादांना सांगायचात. फक्त माझा निरोप माजघरातून ओटीवर पोचेपर्यंत वाढायचा. मी म्हणायची, "मीठ संपलंय." आणि ओटीवरून ऐकू यायचं, "आयकलंस का रे? तुझी भावजय म्हणते, तुला गुरांसारखं अळणी खायचं असेल तर तसं सांग, उद्यापासून गोठ्यातच पान वाढते."

मला वाटायचं चुलीत शिरावं. दादा विचारायचे, "ती येवढं बोलली?"

"मनात बोलली. मी आयकलं."

आता तुम्ही नाही, आणि मला दादांना एक गोष्ट सांगायची आहे. पाहुणे गेले त्या संध्याकाळी ते ह्यांना सांगत होते की विहिरीजवळचे आक्काचे चार वाफे मोकळे करून तिथे सुपारी लावू. मडक्यातलं ते जाडं भात कोंबड्यांना घाला, कोण खातंय आता. हे नुसते "बरं" म्हणाले. ह्यांचं तुम्हाला माहीत आहे, थोरल्या भावापुढे ह्यांना एक "बरं" तेवढं येतं. मी दाराआड उभी होते. भाताचं बी वर्षभर जगतं. यंदा पेरलं नाही तर ते भात आपल्या घरातून गेलं, आणि ते परत मागायचं तर समुद्रापलीकडे जायला हवं. हे बोलायला तोंड उघडलं, आणि ज्या बाजूला तुम्ही असायचात त्या बाजूला बघत राहिले.

त्या भाताची सगळी गोष्ट मला पुन्हा आठवून बघायची आहे. दादांना काय सांगायचं ते त्यातूनच सापडेल.

तो पावसाळा आठवतो ना, ग्रामसेवक जपानी साहेबाला घेऊन आला तो. सरकारने जपानी पद्धतीची भातशेती दाखवायला पाठवलेला माणूस. बुटका, हसरा, आणि मांडीपर्यंत चिखलात उतरणारा. दादांनी आपलं शेत आणि पुढची खोली दिली. ग्रामसेवकाने नाव सांगितलं, मोरीसाहेब. दादांनी खोकल्याचं सोंग केलं, हे उठून बाहेर गेले. तुम्ही गंभीर तोंडाने म्हणालात, "बरं हाय. दिवसातून दोनदा अंघोळ करतो, नाव शोभतं." त्यानंतर आपल्या घरात त्यांना कुणीच नावाने हाक मारली नाही. जपानी साहेब, बस्स.

पहिले काही दिवस ते आपला भात बघून उदास व्हायचे. आपला मोकळा, शीत न् शीत वेगळं असलेला भात. त्यांच्या बांबूच्या काड्यांतून तो सांडायचा, चार शितं तोंडात आणि बाकीची मांडीवर. मला फार वाईट वाटायचं. मोकळा भात हीच तर माझी एक कमाई होती या घरात. मग एका सकाळी तुम्ही टोप चुलीवर विसरलात, वरचं पाणी ओतून पेज वेळायची राहिली, आणि भाताचा गिचका झाला. दादांनी पान पुढे सरकवलं. साहेबांनी मात्र काड्यांनी एक मोठा घास उचलला, तो उचलला गेला हे बघून डोळे मिटले आणि टोपाकडे बोट केलं. सगळा टोप त्यांनीच संपवला.

"बघ," तुम्ही मला म्हणालात, "जन्मभर मी भात बिघडवते असं वाटत होतं. जपानात जन्मले असते तर राणी झाले असते."

खरी गंमत त्याच्या दुसऱ्या दिवशी झाली. शेतावर जाताना न्यायला साहेबांनी पडवीत बसून तळहात ओले केले, मीठ चोळलं, आणि तुम्ही मुद्दाम पुन्हा केलेल्या तशाच चिकट भाताचे हाताने दाबून गोळे केले. तीन गोळे. केळीच्या पानावर ओळीने ठेवले. कुंपणावर कावळा बसलेलाच होता. तुम्ही विहिरीवरून कळशी घेऊन आलात आणि जागच्या जागी थांबलात. पान, पानावर भाताचे पिंड, वर कावळा.

"मेलंय कोण आपल्यात?"

साहेब हसले आणि त्यांनी त्यातला एक गोळा उचलून तुमच्यापुढे धरला. तुमची कळशी आडवी झाली. आतून दादा धावत आले. त्यांनी पान बघितलं आणि तेही दाराला धरून उभे राहिले. साहेबांना काही कळेना. त्यांनी स्वतःच एक गोळा उचलून चावला, आमच्या तिघांसमोर, भर सकाळी. मी आयुष्यात इतकी घाबरले नव्हते. आपल्यात पिंड खातो तो कावळा.

त्याचं उट्टं तुम्ही दुपारी काढलंत, तेही नकळत. साहेबांच्या काड्या सारवलेल्या जमिनीवर लोळतात म्हणून तुम्ही मायेने भाताचा ढीग केला आणि दोन्ही काड्या त्यात खांबासारख्या उभ्या रोवून पान त्यांच्यापुढे ठेवलंत. साहेबांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी हात जोडले, काड्या हळूच काढून आडव्या ठेवल्या आणि बराच वेळ जेवलेच नाहीत. संध्याकाळी ग्रामसेवक आला तेव्हा उलगडा झाला. त्यांच्या देशात माणूस गेला की त्याच्या उशाशी भात ठेवतात आणि त्यात काड्या अशा उभ्या रोवतात.

तुम्ही कमरेवर हात ठेवून सगळं ऐकून घेतलंत. "म्हणजे सकाळी त्यानं आमाला मारलं, दुपारी आमी त्याला. फिटंफाट झाली. आता जेवायला बसा म्हणावं."

ग्रामसेवकाने ते सांगितल्यावर साहेब इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

पण गोळ्यांचा प्रश्न राहिलाच. दादा म्हणाले, घरात पिंड वळायचे नाहीत. साहेबांना तर शेतावर तेच न्यायचं होतं. तुम्ही रात्रभर विचार केलात की काय कोण जाणे, सकाळी तुम्ही गोळा हातात घेतलात, तळव्यांत दाबत दाबत त्याला कोपरे काढलेत आणि पानावर उभा केलात.

"पिंड गोल असतो. ह्याला तीन कोपरे हायत. आता काय अडचण?"

पुढे पौर्णिमेला भटजी आले तेव्हा दादांनी त्यांना विचारलं. भटजी म्हणाले, तीन कोपऱ्यांच्या भाताबद्दल शास्त्रात काही आढळत नाही. तुम्ही आतून म्हणालात, "मग झालं. नाय म्हटलेलं पण आढळत नाय." मजा म्हणजे साहेबांनी तुमचा तो त्रिकोण बघून टाळ्या वाजवल्या. त्यांच्याकडेही तसाच करतात म्हणे. तुम्ही तो त्यांच्याकडून शिकला नव्हतात. तो त्यांच्याकडे आधीपासून होता ह्याचा तुम्हाला थोडा रागच आला होता. "आधी सांगायचं ना मग," म्हणालात.

नंतर आपण त्यात काय काय घातलं. त्यांच्याकडे आत आंबट फळ घालतात, तर आपण खारातली कैरी घातली. कधी भाजलेला बोंबील चुरून. बाहेरून गुंडाळायला त्यांना समुद्रातलं शेवाळ हवं होतं. गावच्या किल्ल्याच्या खालच्या बाजूच्या खडकांवरून ते खरवडून आणून, थोडं ऊन पडलं की घराच्या कौलांवर वाळत घालायचे. दादा खालून बघत म्हणायचे, "याला सरकारनं शेती शिकवायला पाठवलाय की आपलं छप्पर खायला?" कच्चं अंडं वाफेच्या भातावर फोडून खायला लागले तेव्हा मी मागच्या मागे पळाले. तुम्ही शेवटच्या घासापर्यंत समोर बसून बघितलंत आणि मला येऊन सांगितलंत, "गिळलंन. जिवंत हाय."

चहाभात मात्र तुमच्या जिवाला लागला. ते बिनदुधाचा चहा उरल्या भातावर ओतून खायचे. पहिल्यांदा बघितलंत तेव्हा तुम्हाला वाटलं चुकून सांडला. मग कुणी बघत नाही असं बघून तुम्ही चाखलात, तोंड वाकडं केलंत, आणि परत चाखलात. तुम्ही तो आपल्या पद्धतीने बसवलात. गवती चहाचं कढत पाणी, गार भात, मीठ, वरून भाजलेला जवळा. मोकळ्या कपाळाच्या बाईने मासळी खावी का असं वाडीतलं कुणी म्हणालं तेव्हा तुम्ही म्हणालात, "समुद्र काय माझ्या सासऱ्याचा हाय, त्याला विचारून खायला?" मला ते वाक्य पाठ आहे. ते मला बोलता कधी येणार नाही, पण पाठ आहे.

आपलं एक भांडण मात्र मिटायचं राहिलं. माझं म्हणणं, भात वेळून घ्यावा, पेज निघावी. तुमचं म्हणणं, पाणी मोजून घालावं, झाकण उचलू नये, सगळं भातातच मुरावं.

"सगळी ताकद वासराला पाजतेस तू."

"वासरू मोठं होऊन दूध देतं."

"आणि मी काय देते?"

तुमच्याशी बोलताना मला एवढं तरी बोलता यायचं. बाहेरच्या जगात मी मुकी आणि तुमच्यापुढे अशी भांडखोर. तुम्ही मला बोलायला लावण्यासाठीच मुद्दाम उलट घ्यायचात का? हे विचारायचं राहून गेलं.

आता तो दिवस लिहिते ज्याबद्दल आपण कधीच बोललो नाही.

कापणी झाली, साहेबांची जायची वेळ आली. पालघर स्टेशनला सोडायला बैलगाडी जोडलेली. अंगणात सगळे जमलेले, आणि तुम्ही कुठेच नाही. मला माहीत होतं तुम्ही कुठे आहात. कुणीही परगावी निघालं की तुम्ही गोठ्यामागे जाऊन उभ्या राहायच्यात. निघणाऱ्याच्या नजरेला पडू नये म्हणून. तुम्हाला तसं कुणी सांगत नव्हतं, आणि थांबा असंही कुणी म्हणत नव्हतं. मीसुद्धा नाही.

साहेब गाडीत बसायला तयार होईनात. "अक्का-सान, अक्का-सान," करत घरात जाऊन आले, विहिरीवर जाऊन आले. दादा म्हणाले, "असेल कुठंतरी, गाडी चुकेल." त्यांनी ऐकलं नाही. शेवटी गोठ्याला वळसा घालून गेले, आणि आम्ही सगळे त्यांच्या मागे.

तुम्ही गवताच्या गंजीला पाठ लावून उभ्या होतात. ते तुमच्यापुढे कमरेत वाकले. पुन्हा वाकले. मग खांद्याच्या पिशवीतून त्यांनी एक पुरचुंडी काढली. त्यांच्या गावचं भात. विहिरीजवळच्या वाफ्यात त्यांनी ते नमुन्याला लावलं होतं. सगळ्या शिवाराच्या आधी पिकलं म्हणून गावची झाडून सारी पाखरं त्याच्यावर पडली होती, त्यातून वाचलेलं ते. तुमच्या हातात भांडं नव्हतं. त्यांनी हाताने खूण केली, पदर धरा. तुम्ही धरलात. काय करता आहात ते तुम्हाला धरून झाल्यावर कळलं असावं. आणि त्यांनी ओंजळीने ते सगळं भात तुमच्या पदरात घातलं.

आक्का, अंगणातल्या बायका बघत होत्या. सवाशिणीची भरतात तशी भर दिवसा, सगळ्यांसमोर, तुमची ओटी भरली गेली. साहेबांना त्यातलं काही माहीत नव्हतं. कुणी हललं नाही. दादांनी मान खाली घातली. मला वाटलं आता तुम्ही पदर झटकाल, नाहीतर रडाल.

तुम्ही पदराची गाठ मारलीत, सगळ्यांवरून एक नजर फिरवलीत आणि म्हणालात, "काय बघता? जपानी पद्धत हाय."

मग तुम्ही गोठ्यामागून चालत पुढे आलात आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत अंगणाच्या मधोमध उभ्या राहिलात. त्यानंतर कुणी परगावी निघालं की तुम्ही पुढेच असायच्यात. "माझं तोंड बघून जपानी आपल्या देशी सुखरूप पोचला, तुमी पालघरला पोचाल."

ते भात तुम्ही दरवर्षी लावलंत. चार वाफे. बुटकी रोपं, जाडे दाणे. सगळ्यांच्या आधी पिकायचं, म्हणून सगळ्यांच्या आधी पत्र्याचा डबा घेऊन तुम्ही राखणीला. पोपटांना तुम्ही नातेवाइकांची नावं ठेवली होतीत, कोणत्या पोपटाचं नाव काय ते इथे लिहीत नाही.

आपली शालू झाली तेव्हा बारशाला तुम्ही लाल चवळी घालून त्या भाताचा लाल भात केलात. साहेबांनी सांगितलं होतं, त्यांच्याकडे आनंद झाला की असा करतात. पाळण्याला पुढे होऊन हात लावायचा मान तुमचा नव्हता. पण लाल भाताचं पातेलं घेऊन पंक्तीत वाढायला तुम्हीच निघालात. "ह्ये खाल्ल्याशिवाय पोरीचं नाव ठेवलं असं धरायचं नाय," म्हणालात. सगळ्यांनी खाल्ला. काहींनी दोनदा मागून घेतला.

आणि ह्यांचा डबा. हे बोईसरहून तारापूरच्या त्या मोठ्या कारखान्याच्या बांधकामावर जायला लागले तेव्हा तुम्ही त्यांना करदळीच्या पानात तीन कोपऱ्यांचा भात बांधून द्यायला सुरुवात केलीत. सांडत नाही, कालवायला नको, एका हाताने खाता येतो. तिथले हिंदी बोलणारे गडी विचारायचे, "भैया, ये चावल का समोसा किधर मिलता है?" ह्यांनी ते घरी येऊन सांगितलं आणि तुम्ही आठवडाभर हवेत होतात. दुसऱ्या दिवसापासून पुरचुंडीत जास्तीचे चार. मी भात दाबायची, तुम्ही कोपरे काढायच्यात. माझे कोपरे तुम्हाला कधी पसंत पडले नाहीत. "ह्ये कोपरे हायत का गुडघे?"

इथपर्यंत लिहिलं आणि ठेवून दिलं होतं. दोन दिवस गेले. आता पुढचं लिहिते, कारण ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

आज सकाळी हे कामावर गेले आणि दादा टोपलीत सुपारीची रोपं आणि खांद्यावर पहार घेऊन विहिरीवर आले. मी पाणी शेंदत होते. शालू शेजारी खेळायला गेलेली. वाडीत माणूस नव्हतं ज्याच्याकडून निरोप पाठवावा. खुंट्याला वासरू तेवढं होतं. दादांनी तुमच्या वाफ्यात पहार मारली.

मी वासराकडे बघून म्हटलं, "हे वाफे खणू नका म्हणावं."

दादा थांबले. त्यांनी आधी माडाकडे वर बघितलं, मग मागे वळून घराकडे. "कोण बोलला?"

"मी."

"तू बोलतेस?"

माझ्या हातून पोहरा सुटून विहिरीत पडला. तो पडल्याचा आवाज झाला आणि मग काय व्हायचं ते झालंच असं वाटून मी सगळं बोलून टाकलं. "बी वर्षभरच जगतं. यंदा पेरलं नाय तर संपलं. आक्कांचं भात कोंबड्यांना नका घालू. वाफे मी लावीन, राखण पण मी करीन."

दादा पहारीवर रेलून माझ्याकडे बघत राहिले. "अगो, पण तुलाच तर ते नको होतं."

"मला?"

"आक्का दरवर्षी सांगायची मला. तुझी भावजय म्हणते, एक वेळ उपाशी राहीन पण ते गिचकं भात डोळ्यांसमोर नको, विहिरीत लोट म्हणते. मी म्हटलं, आक्का हाय तवर राहू दे, तिचा जीव हाय त्यात. आता ती गेली. म्हटलं, या पोरीला तरी सुख लागू दे. म्हणून रोपं आणली मी, केळव्याला पायी जाऊन."

तुम्ही किती वर्षं हे चालवलं होतंत, आक्का.

"मी म्हणाले होते, भात वेळून घेऊ का. येवढंच."

"येवढंच?"

"आणि पेज वासराला घालू."

दादा विहिरीच्या काठावर बसले. त्यांनी विचारलं, "मी तमाखू खातो म्हणून तुला माझ्या ताटाची शिसारी येते, ते?"

"मी तसं नाय बोलले."

"माझा सदरा बुजगावणं म्हणून शेतात उभा करायचा, ते?"

"नाय."

"आणि मी भजन म्हटलं की म्हस दूध चोरते?"

मी विहिरीत पडलेल्या पोहऱ्याकडे बघायला लागले. कारण ते मात्र मी बोलले होते. तुम्ही ते एकच जसंच्या तसं पोचवलंत होय.

दादांनी माझं तोंड बघितलं आणि त्यांना कळलं. ते हसायला लागले. हसता हसता खोकला आला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पंच्याने पुसत राहिले. तुम्हाला नेल्यापासून त्यांच्या डोळ्यांत पाणी मी बघितलं नव्हतं. बराच वेळ पुसत होते. मग उठले, टोपली उचलली आणि रोपं कुंपणाच्या बाजूला घेऊन गेले. जाता जाता म्हणाले, "गोठ्यामागं तिच्या पदरात ते पडलं तेव्हा मी मान खाली घातली होती. तू बघितलं असशील."

मी "हो" म्हटलं.

"मला वर बघवेना," म्हणाले.

मी दुपारी मडकं उतरवलं. बी सुपात घेऊन निवडलं, भिजत घातलं. उद्या गोणपाटात बांधून गवतात दडपून ठेवीन, मोड आले की पेरीन. दादा संध्याकाळी पडवीच्या दारात येऊन उभे राहिले, थेट माझ्याशी बोलायला. लावणी दोरी धरून रांगेत करायची असं मी म्हटलं. ते म्हणाले, चार वाफ्यांना दोरी कशाला, हातानं खुपस. मी म्हटलं, दाट झालं तर फुटवा धरत नाही. ते म्हणाले, मला शेती शिकवतेस काय. मी म्हटलं, हो. हे नुकतेच कामावरून आले होते. सायकल हातात धरून दोघांकडे बघत राहिले, आणि "बरं" म्हणायचं कोणाला ते त्यांना ठरवता येईना.

भांडण मिटलेलं नाही. उद्या सकाळी दादा पुन्हा येतील. मी उत्तरं जुळवून ठेवली आहेत. बहुतेक माझीच आहेत. दोन-तीन जरा तुमच्या वळणाची निघाली, ती मी काढून टाकली नाहीत.